गरगरीत अक्षर

आपली देवनागरी अक्षरं शिरोरेषेला लोंबकळतात, रोमन अक्षरं पायांवर उभी राहतात. त्यांच्या खांबांना वरखाली जी बारीक टोकं काढलेली असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. पुस्तकी टाइपात ती नेटकी, धारदार असतात. ‘कूपर ब्लॅक’ या टाइपात मात्र धार औषधालाही सापडत नाही. खांब फुगलेले, टोकं वळसेदार, पाय तळाशीसुद्धा गोल. जेवण झाल्यावर ओसरीवर ऐसपैस टेकलेल्या काकांसारखं हे अक्षर आहे. जागा भरपूर अडवतं, पण राग येत नाही.

शिकागोच्या ऑस्वाल्ड ब्रूस कूपर यांनी हा टाइप घडवला आणि ‘बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर’ या टाइप ओतणाऱ्या फाउंड्रीने १९२२ साली तो बाजारात आणला. कूपर मुळात जाहिरातींची अक्षरं हाताने काढणारे. घाईत असलेल्या माणसाची नजर कशी अडवायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जुन्या वळणाच्या मुद्रकांनी नाकं मुरडली, तरी खप वाढतच गेला. गंमत अशी, की कूपर ज्यांच्याकडे अक्षरलेखन शिकले त्या फ्रेडरिक गाउडींना पुढे मोनोटाइप कंपनीसाठी ‘गाउडी हेवीफेस’ करावा लागला, तो याच टाइपाशी टक्कर द्यायला. शिष्याच्या वाटेने गुरूला जावं लागलं.

‘कूपर ब्लॅक’मधला लहान ‘ओ’ जवळून पाहावा. बाहेरून गुबगुबीत, आतली पोकळी इवलीशी आणि डावीकडे किंचित कललेली. ती ताठ उभी असती तर नुसता ठोकळा झाला असता. त्या कलण्यात तिरक्या धरलेल्या बोरूचं वळण उरलं आहे. एवढं वजन असूनही अक्षर डुलतं, ते त्यामुळेच.

गोलाईचा व्यवहारातही फायदा आहे. शाई पसरली की धारदार टोक लगेच बिघडलेलं दिसतं. इथे टोकच नाही, तर बिघडणार काय? टीशर्टवर इस्त्रीने चिकटवायच्या अक्षरांत सत्तरच्या दशकात ‘कूपर ब्लॅक’ फार चाललं, याचं मला नवल वाटत नाही. त्याआधी, १९६६ साली, बीच बॉइज या बँडच्या ‘पेट साउंड्स’ अल्बमच्या वेष्टनावर, बकऱ्यांना खाऊ घालणाऱ्या गायकांच्या डोक्यावर, हिरव्या पट्टीत हीच अक्षरं एकमेकांना खेटून बसली होती. १९९५ मध्ये निघालेल्या ईझीजेट या विमान कंपनीनेही नारिंगी रंगाच्या जोडीला हेच अक्षर घेतलं. स्वस्तात तिकीट विकणाऱ्याला ऐट परवडत नाही. त्याला ‘या, बसा’ म्हणणारं अक्षर लागतं.

कुजबुजणं मात्र त्याला जमत नाही. अख्खा परिच्छेद त्यात लावला, की पोकळ्या बुजल्यासारख्या होतात, पान काळंठिक्कर पडतं आणि तिसऱ्या ओळीला डोळे शिणतात. शोकसंदेश किंवा कोर्टाची नोटीस त्यात छापली तर वाचणारा हसायचा. त्याला एकदोन शब्दच द्यावेत, मोठ्या आकारात, आणि भोवती मोकळी जागा सोडावी.

मोठ्याने बोलणाऱ्यावर आपण वैतागतो, ते बहुतेकदा तो थांबत नाही म्हणून. ‘कूपर ब्लॅक’चा आवाज दणदणीत आहे, पण चांगल्या मांडणीकाराच्या हाती ते दोन शब्द बोलतं आणि थांबतं. म्हणूनच शंभर वर्षं होऊन गेली तरी त्याला बोलावणी येत राहतात.