तुरटीचा खडा

नाताळच्या सुट्टीत लातूरहून नांदेडला घरी आलेला एक बारावीचा विद्यार्थी संध्याकाळच्या मिस्सेनंतर माझ्याकडे येऊन बसला. 'लातूर पॅटर्न'मुळे नावारूपाला आलेल्या त्या शहरात तो शिकवणीसाठी खोली घेऊन राहत होता. सराव परीक्षांत मात्र मागे पडत चालला होता. "फादर, मला परत जायचं नाही. घरी सांगू नका," एवढेच तो बोलला.

काय बोलावे, मला सुचेना. समोर दाढीनंतर फिरवायची तुरटी पडली होती. सहज म्हटले, "हिचे सूत्र सांग पाहू." त्याने घडाघडा सांगितले, स्फटिकातले पाण्याचे १२ रेणूही मोजून दाखवले.

"स्फटिक वाढताना कधी पाहिला आहेस?"

तो गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो. पेलाभर गरम पाण्यात तुरटीची पूड विरघळेनाशी होईपर्यंत ढवळली, द्रावण फडक्यातून गाळले. मिठाने हे साधत नाही. १०० ग्रॅम थंड पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावते, उकळत्या पाण्यात जेमतेम ३९. तुरटी मात्र गरम पाण्यात कितीतरी पट अधिक विरघळते आणि पाणी निवले की जास्तीची तळाशी जमते. सकाळी तळाशी बारीक खडे चमकत होते. त्यांतला एक नितळ खडा दोऱ्याला बांधून, पूर्ण निवलेल्या द्रावणात सोडला. द्रावण कोमट असते तर खडाच विरघळला असता. वर कागद झाकला.

मला धीर कुठला! दिवसातून तीनदा मी पेला हलवून उजेडात धरी. चौथ्या दिवशी खड्याभोवती वेड्यावाकड्या कणांचा गुंता झाला. "फादर, तुम्ही त्याला राहूच देत नाही," मुलगा हसून म्हणाला. मी मात्र ओशाळलो. वर्षभर तो भेटला की माझा पहिला प्रश्न एकच असे: "गुण किती पडले?"

दुसरा खडा त्याने उंच फळीवर ठेवला व मला हात लावू दिला नाही. सुट्टी संपताना तो हरभऱ्याएवढा झाला होता. त्याचे आठही पैलू स्वच्छ दिसत होते. त्याच संध्याकाळी मुलगा वडिलांशी स्वतःच बोलला. मी नुसता शेजारी बसलो. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "परीक्षा दे. पुढचं पुढे बघू."

तो लातूरला परतला. पेला माझ्याकडेच आहे. फोनवर मी आता गुण विचारत नाही. खडा केवढा झाला, हे तोच मला विचारतो.