विहिरीच्या भिंतीवरचा धडा

नाशिक,
12 ऑक्टोबर

चि. रेवास,


खडक, माती, हवामान, भूजल असे सुटे सुटे धडे पाठ करावे लागतात, म्हणून हा विषय कोरडा वाटतो, असं तू लिहिलंस. तुझी तक्रार रास्त आहे. धडे सुटे केले आहेत ते शिकवण्याच्या सोयीसाठी. जमिनीत ते एकमेकांत गुंतलेले असतात. दिवाळीत सिन्नरच्या शेतावर जाशील, तेव्हा आजोबांची न बांधलेली विहीर नीट बघ. काठापासून लांब उभी राहा, कुणी मोठं माणूस सोबत घे, पण बघच.

वर काळी माती दिसेल, तिच्याखाली मुरूम, मग खडक. खडकातही फरक आहे. एखादा थर बारीक भोकांचा असतो आणि भोकांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक बसलेले असतात. गावात त्याला मांजऱ्या म्हणतात. त्याखाली कठीण काळा पाषाण लागतो. एखाद्या ठिकाणी दोन थरांच्या मध्ये लाल गेरूचा पट्टाही सापडतो. हा सगळा बेसॉल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. वर येणाऱ्या वायूचे बुडबुडे थराच्या माथ्याशी अडकले, तिथे मांजऱ्या झाला. मधला भाग सावकाश निवला, तो घट्ट राहिला. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला तिथे थराचा माथा झिजून माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याखाली भाजून लाल पडली. कळसूबाईच्या अंगावरचे आडवे टप्पे याच थरांचे आहेत. महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन या खडकावर आहे.

आता पाणी. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात. इगतपुरीला वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला उतरताना हवा तापते आणि कोरडी होते, म्हणून थोड्याच अंतरावरच्या सिन्नरला साधारण 500 ते 600 मिलिमीटरवर भागवावं लागतं. तेवढ्यातलंही बरंचसं वाहून जातं, काहीची वाफ होते. उरलेलं मुरूम, मांजऱ्या आणि पाषाणातल्या भेगांमधून खाली झिरपतं.

इथे एक हिशोब कर. वाळूच्या थरात पाणी साठायला भरपूर जागा असते, पण आपल्या खडकात ती जेमतेम एक ते तीन टक्के. दोन टक्के धर. मग 10 सेंटिमीटर पाणी मुरलं की विहिरीची पातळी 5 मीटर चढते. तेवढंच उपसलं की 5 मीटर उतरते. श्रावणात काठोकाठ दिसणारी विहीर फाल्गुनात तळ का दाखवते, याचं मूळ इथे आहे. पाऊस कमी पडला, एवढंच कारण पुरेसं नाही. खडकाचं पोटच लहान आहे. आणि ते पोट एकट्या आपल्या विहिरीचं नाही. शेजारच्या बांधापलीकडचा पंप त्याच भेगांतून पाणी ओढतो. म्हणून खोल बोअर घेऊन प्रश्न सुटत नाही. बऱ्याचदा तो एका शेतातून दुसऱ्या शेतात सरकतो. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली, त्यामागे हाच विचार आहे.

मातीकडेही पुन्हा बघ. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, बेसॉल्टला झिजवतं आणि त्यातून काळी माती घडते. विरघळलेलं कॅल्शियम आणि कार्बन नद्यांबरोबर समुद्रात जाऊन शेवटी चुनखडकात बंदिस्त होतात. ज्या ज्वालामुखींनी हवेत कार्बन सोडला, त्यांचाच खडक तो लाखो वर्षांत परत ओढून घेतो. आपण कोळसा आणि तेल जाळून तो काही दशकांत हवेत ओततोय. खडकाच्या चालीने तो फेडला जाणार नाही. ही गोष्ट मला खरोखर अस्वस्थ करते, आणि तुझ्या वयाच्या मुलांनी ती आकड्यांसकट समजून घ्यावी असं वाटतं.

म्हणून एक काम सांगते. दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोठ्या माणसाकडून मोजून घे आणि तारखेसह वहीत लिही. दर महिन्याला मोजायला मामांना सांग, शेजारच्या विहिरींचीही नोंद घ्यायला लाव. मे महिन्यात ती वही गावकऱ्यांसमोर ठेवली, तर उन्हाळी पीक किती घ्यायचं हे मोजमापाने ठरवता येईल. अभ्यासाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

पहिलं माप मला कळव.

तुझी,
मावशी