आमच्या दारात किती?

कोल्हापूर,
14 जून

चि. मधुरा,


तुझा मेसेज आला तेव्हा मी डेस्कवर होते, पहिलं पान सोडायची घाई चालली होती. दोन ओळींत उत्तर देणं जिवावर आलं, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी कागद घेऊन बसले आहे.

जनसंज्ञापनात एम. ए. करू का, की बाबा म्हणतात तसं थेट नोकरीला लागू, असं तू विचारलंस. तुझ्या बाबांचं, म्हणजे दादाचं, म्हणणं मी उडवून लावणार नाही. बातमी लिहिणं, मथळा बसवणं, कॅमेरा लावणं, व्हिडिओ कापणं हे कुणाच्या तरी हाताखाली सहा महिने राबलं की येतं. मी ते असंच शिकले. या विषयातली पदवी नसताना सतरा वर्षं डेस्कवर काम केलं आणि काही अडलं नाही. तरीही एक्केचाळिसाव्या वर्षी मी या एम. ए.ला प्रवेश घेतला. का घेतला, ते मी घरात कुणाला नीट सांगितलेलं नाही. तुला सांगते.

दर जुलैत आमच्याकडे एक बातमी ठरलेली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती, हे आम्ही रोज छापतो. 39 फूट म्हणजे इशारा पातळी, 43 फूट म्हणजे धोका पातळी. हे आकडे मला झोपेतही पाठ आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. त्या रात्री आम्ही तासातासाला आकडा बदलत होतो. एकही आकडा चुकला नाही, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

पूर ओसरल्यावर मदतीच्या टेम्पोबरोबर शिरोळ तालुक्यातल्या एका गावात गेले. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्यांचं पाणी अंगावर घेणारा तो तालुका. एका म्हातारीच्या घरात चिखल उपसायचं काम चाललं होतं. आतल्या खोलीच्या भिंतीवर, माझ्या कमरेच्या थोडी वर, कोळशानं ओढलेली एक जुनी रेघ होती, जवळच वेडंवाकडं '2005' लिहिलेलं. त्या रेघेच्या हातभर वर एक फळी ठोकली होती. पाणी वाढतंय म्हटल्यावर आजींनी जोंधळ्याचं पोतं, जमिनीचे कागद, नातवाचे दाखले आणि टीव्ही असं सगळं त्या फळीवर नेऊन ठेवलं होतं. 2005 ला तिथवर आलं होतं, यंदा फार तर वीतभर जास्त येईल, हा त्यांचा हिशेब. पाणी फळीच्याही वर तीन हात गेलं. दाखल्यांचा लगदा त्यांनी उन्हात ताटावर पसरून ठेवला होता. त्यावरची शाई अजून निळसर दिसत होती.

मी विचारलं, ''आजी, पेपरात रोज येत होतं की हो, नदी किती फुटांवर गेली ते.''

त्या म्हणाल्या, ''आलं हुतं की. नातू वाचून दावत हुता. पर बाई, त्यो फूट कुठला? आमच्या दारात किती येनार, त्ये कुणी सांगितलं?''

मधुरा, मला उत्तर देता आलं नाही. बंधारा आमच्या कोल्हापुरातला, कसबा बावड्याजवळचा. तिथला 55 फूट म्हणजे त्यांच्या भिंतीवर किती, हे मलाही ठाऊक नव्हतं. आमचा आकडा त्यांच्या घरात पोचला होता, वाचलाही गेला होता. पण त्या घरातलं मोजमाप कोळशाच्या रेघेचं होतं आणि शेवटी त्यांनी भरवसा ठेवला तो त्याच रेघेवर. सतरा वर्षं मी जे काम करत होते त्यातलं अर्धंच काम मला येतं, हे त्या दिवशी कळलं. उरलेलं अर्धं कुठे शिकवतात, ते शोधत मी विद्यापीठाच्या वर्गात जाऊन बसले.

पहिलं वर्ष कोविडमुळे सगळं मोबाइलवरच गेलं. माध्यम कायदा, जाहिरात, जनसंपर्क हे पेपर मी परीक्षेपुरते केले. खरी गोडी लागली ती संज्ञापन सिद्धांत आणि विकास संज्ञापन या दोन विषयांची. स्टुअर्ट हॉल नावाच्या अभ्यासकानं 1973 मध्ये मांडलं की, पाठवणारा एक अर्थ भरून पाठवतो आणि घेणारा आपल्या जागेवरून त्याचा अर्थ लावतो, हे दोन्ही एकच असतील असं नाही. वाचलं आणि डोळ्यांसमोर ती फळी आली.

पण मन सगळ्यात जास्त हललं ते एका अहवालानं. 1956 साली, फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या साहाय्यानं एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि आपला कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीचा आणि गावाच्या प्रश्नांचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. गावातली वीसेक माणसं रेडिओभोवती बसायची, कार्यक्रम संपला की त्यावर आपसांत बोलायची, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे जायचे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला. पाहणी ज्याच्या हाती होती तो पॉल नॉयराथ व्हिएन्नाचा, डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेला गेलेला समाजशास्त्रज्ञ. जी गावं बसून बोलली तिथल्या लोकांची माहिती खूप वाढली. जिथे नुसता रेडिओ होता, असं बसून बोलणारं मंडळ नव्हतं, तिथे फार थोडा फरक पडला. जगभरच्या विकास संज्ञापनाच्या अभ्यासात हा प्रयोग शिकवला जातो आणि मी कोल्हापूरची, वर्तमानपत्रात काम करणारी, तोवर त्याचं नावही ऐकलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मराठीत या विषयाला आपण 'संज्ञापन' म्हणतो. त्यात ज्ञापन आहे, कळवणं आहे. मला मात्र 'संवाद' हाच शब्द जास्त खरा वाटतो, कारण त्यात दोघं बोलतात. सरांनी वर्गात हे ऐकून घेतलं, पेपरात मात्र संज्ञापनच लिहावं लागलं.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधाचा विषय मी दुसरा घेऊच शकत नव्हते. जुलै 2021 मध्ये पुन्हा महापूर आला होता. त्याच तालुक्यातल्या तीन गावांत मी पुराचे इशारे घरात कसे पोचतात, हे विचारत फिरले. व्हॉट्सअ‍ॅपवर अलमट्टी धरणाच्या विसर्गाचे आकडे जवळजवळ प्रत्येकाकडे होते. पण घर सोडायचा निर्णय मी बोलले त्या बहुतेक घरांनी शेजाऱ्याची जनावरं बाहेर निघालेली बघून घेतला. अमेरिकेतल्या आयोवात झालेला संकरित मक्याच्या बियाण्याचा अभ्यास 1943 साली प्रसिद्ध झाला होता. तिथेही बियाण्याची पहिली खबर विक्रेत्यानं दिली आणि पेरायचा धीर शेजाऱ्यानं दिला. हे पुस्तकातून सांगितलं असतं तर मी मान डोलावून विसरले असते. गोठ्यात उभं राहून ऐकलं, म्हणून लक्षात राहिलं.

आता तुझ्याबद्दल. तुला पडद्यावर दिसायचं असेल तर दादाचं ऐक, दोन वर्षं वाया घालवू नकोस. प्राध्यापक व्हायचं असेल तर ही पदवी लागेल, वर नेट किंवा सेट. आणि आपण बोललेल्याचं समोरच्यापाशी काय होतं याची तुला मनापासून काळजी असेल, तर माझं सांगणं आहे की जरूर कर. प्रवेश घेण्याआधी विभागात स्वतः जा. लघुप्रबंध सक्तीचा आहे का, ते विचार. मागच्या वर्षांचे चार-पाच प्रबंध ग्रंथालयातून काढून वाच. ते सगळे बातम्या मोजून लिहिलेले असतील आणि एकातही माणूस बोलताना दिसत नसेल, तर दुसरं विद्यापीठ बघ. स्टुडिओ किती मोठा आहे यावर जाऊ नकोस. सिद्धांत इंग्रजीत वाच, ते टळत नाही, पण माणसांशी बोललेलं त्यांच्याच बोलीत लिहून ठेव. मी सुरुवातीला ते प्रमाण भाषेत उतरवत होते आणि माझ्या वह्यांतली पहिली तीस पानं त्यामुळे निरुपयोगी झाली.

नोकरीचं विचारशील. पदवीनंतर माझा पगार वाढला नाही. वाढला असता तर बरं झालं असतं, हे मोकळेपणानं सांगते. पण आता पुराच्या दिवसांत बंधाऱ्याच्या आकड्याखाली आम्ही कोणत्या गावाचा कोणता रस्ता पाण्याखाली गेला आणि गावात पाणी कुठवर आलं, ते गावकऱ्यांना फोन करून छापतो. त्यासाठी मला वरिष्ठांशी दोन पावसाळे भांडावं लागलं.

अर्ज भरण्याआधी चार दिवस इकडे ये. मिरग लागलाय, पण रस्ते अजून चालू आहेत. तुला आजींकडे घेऊन जाते. त्यांनी घर रंगवलं, पण ती एक भिंत तशीच ठेवली आहे. 2005, 2019 आणि 2021 अशा तीन रेघा आहेत तिच्यावर, आणि फळी आता माळ्याला लागून ठोकली आहे.

दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या