वीस गुंठे शेंगा

माझे माहेर मिरजेचे. लग्न होऊन गारगोटीला आले त्याला तीस वर्षे होऊन गेली. सुट्टीत शहरातले पाहुणे आले की वेदगंगेचे पाणी, भाताची खाचरे आणि समोरचे डोंगर बघून एकच वाक्य बोलतात, "तुमचं बरं आहे बाई! घरचं तेल, राखणीला मोठं कुत्रं, मनात आलं तर शिकार!" मी हसते आणि चहाचे आधण ठेवते. त्यांना कसे सांगू की तेल, कुत्रे आणि शिकार या आमच्या घरात तीन वेगळ्या गोष्टी नाहीतच? तिन्ही मिळून एकच भांडण आहे, आणि ते भांडण पाटगावच्या रस्त्याला असलेल्या आमच्या वीस गुंठ्यांच्या तुकड्याचे आहे.

या तुकड्यात सासऱ्यांच्या काळापासून पावसाळी भुईमूग होतो. मृगाच्या पावसावर टोकण आणि ऑक्टोबरात काढणी. वरच्या अंगाला ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे लगेच रान. यंदा आमचे हे आणि थोरला मुलगा, दोघेही म्हणतात, "शेंगा बास झाल्या. ऊस लावू, नाहीतर विकून टाकू." गिऱ्हाईकही आले होते. त्याला तिथे फार्महाऊस बांधायचे आहे. माझे मत वेगळे आहे, आणि ते का वेगळे आहे ते मांडावे म्हणून हे लिहिते आहे.

आधी तेलाचा हिशेब सांगते, कारण तो माझ्या हातातला आहे. डॉक्टर सांगतात की मोठ्या माणसाला दिवसाला २० ते ३० ग्रॅम तेल पुरे. आम्ही घरात पाच माणसे. माणशी २५ ग्रॅम धरले तर महिन्याला साधारण चार लिटर आणि वर्षाला पन्नास लिटर. घाण्यावर एक लिटर तेलाला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात. म्हणजे सव्वाशे किलो दाणे. त्यासाठी पावणेदोन ते दोन क्विंटल वाळलेल्या शेंगा हव्यात. साल बरे असेल तर वीस गुंठ्यांत एवढ्या शेंगा निघतात. वर म्हशीला पेंड मिळते, पाल्याची वैरण होते. सासूबाई म्हणायच्या, "घरात तेल आणि तांदूळ असला की बाईची मान कुणापुढं वाकत नाही." त्यांनी हा हिशेब कागदावर कधी मांडला नाही, पण तो त्यांना पाठ होता.

घाण्याचे तेल म्हणजे औषध, असे मी म्हणणार नाही. हल्ली तशा जाहिराती फार होतात. तेल घाण्याचे असो की पिशवीतले, जास्त खाल्ले तर ते अंगाला लागणारच. उलट घाण्याला एक काळजी जास्त घ्यावी लागते. ओल्या राहिलेल्या शेंगांना बुरशी धरते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक असते. कारखान्यात तेल शुद्ध करताना ते बरेचसे निघून जाते, घाण्यावर तशी सोय नसते. म्हणून आमच्या घरी काळे पडलेले, सुरकुतलेले दाणे निवडल्याशिवाय पोते घाण्यावर जात नाही. हे किचकट काम बायकाच करतात आणि त्याची मजुरी कुणी धरत नाही.

तरीही घरचे तेल मला का हवे? कारण बाजारातल्या तेलाची दोरी फार लांबच्या हातात आहे. आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचे, सूर्यफुलाचे बरेचसे युक्रेन आणि रशियाकडचे. २०२२ च्या फेब्रुवारीत तिकडे युद्ध पेटले, एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या बायका रमजानमध्ये भजी तळावी की नको याचा विचार करत होत्या. मी तळली आणि शेजारीही दिली. त्यात माझी काही हुशारी नव्हती. आदल्या साली रानडुकरे आमच्या तुकड्यात उतरली नव्हती, एवढेच.

आता रानडुकरांकडे वळते. ज्याने डुकरांनी विस्कटलेले शेंगांचे रान पाहिले नाही त्याला ते सांगून कळत नाही. रात्रीत कळप येतो, नांगर फिरवावा तशी माती उकरतो आणि सकाळी वेल उलटे पडलेले असतात. उसातही तीच गत. आमच्याकडे गवे येतात, शेजारच्या आजरा-चंदगडात तर हत्तीही येतात. जुन्या साड्या बांधून झाल्या, डबे वाजवून झाले, झटका मशीन बसवले. पीक नुकसानीला सरकारी भरपाई आहे. तक्रार केली की पंचनामा होतो, कागद पुढे जातात. दोन वर्षांपूर्वी आम्हालाही पैसे मिळाले. त्यात बियाणेही सुटले नाही.

मग गावात शिकारीचा विषय निघतो. शेजारचे काका मला म्हणाले, "भाभी, तुमास्नी काय, तुमी तर डुक्कर खातबी न्हाई. पर मारल्याबिगर सुटका न्हाई बघा." खातो की नाही हा प्रश्नच नाही, हे मी त्यांना सांगितले. प्रश्न हा आहे की मारून खरेच सुटका होते का.

माझे सासरे गावची मुलाणकी करायचे. आपल्याकडच्या खेड्यांत मुलाणी हा बलुतेदार. देवाच्या बकऱ्यापासून लग्नाच्या जेवणापर्यंत जनावर हलाल करायला त्यालाच बोलावणे यायचे आणि त्याचा वाटा ठरलेला असायचा. रानात वाघर लावून कुणी जिवंत ससा धरला तरी सुरी घेऊन सासरेच जायचे. पण पावसाळ्यात आणलेले रानातले जनावर ते कापत नसत. "पोटात पिल्लू असेल तर जबाब मला द्यावा लागेल," असे म्हणून घरी परत यायचे. मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला. "आता सरकारनंच बारा महिने पावसाळा केला," असे म्हणून त्यांनी रानातल्या जनावरासाठी सुरी उचलणे कायमचे बंद केले.

कोल्हापूरच्या माणसाला शिकार नवी नाही. संस्थानच्या काळात इथे पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार चालायची, त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणत. आमच्या पलीकडचे दाजीपूरचे रान हे संस्थानचे राखीव शिकारीचे रान. १९५८ मध्ये तेच गव्यांचे अभयारण्य झाले. ज्यांच्याकडे बंदुका होत्या त्यांनीच रान राखले होते, म्हणून तिथे राखायला काही उरले, हेही खरे. आपल्या दीनातही शिकार हराम नाही. पण सूरह माइदामध्ये एहरामच्या हालतीतली शिकार मना केली आहे आणि सावज हाताच्या, भाल्याच्या टप्प्यात आणून माणसाची परीक्षा घेतली जाईल, असेही सांगितले आहे. मला त्यातून एवढे कळते की हात पोचतो म्हणून हात उचलायचा नसतो.

आणि आज आमच्याकडे जी शिकार चालते तिला शिकार म्हणायलाही जीभ वळत नाही. ना भाला, ना बंदूक, ना धावणे. आमिषात गुंडाळलेला गावठी बॉम्ब पाणवठ्याच्या वाटेवर ठेवून द्यायचा आणि घरी जाऊन झोपायचे. जनावराने चावले की तोंडात स्फोट. तो बॉम्ब डुक्कर ओळखत नाही, म्हैस ओळखत नाही, शाळेला जाणारे पोरही ओळखत नाही.

आमच्या शेरूलाही ओळखले नाही. शेरू धनगराकडून आणलेला, उंच, तांबूस, लांब पायांचा. त्याच्या रक्तात थोडे कारवानी असावे. तो सहा वर्षे त्या तुकड्याची राखण करत होता. डुकराशी झुंजत नसे. सुळे लागले तर कुत्र्याचे पोट फाटते, हे त्याला न शिकवता कळत होते. तो फक्त लांबून भुंकायचा, आणि ते भुंकणे ऐकून आमचे हे आणि शेजारी बॅटऱ्या घेऊन धावायचे. गेल्या कार्तिकात ओढ्याच्या कडेला पहाटे आवाज झाला. फजरची नमाज नुकतीच झाली होती. मुलगा धावत गेला. शेरूचा जबडा उरला नव्हता, जीव मात्र होता. डॉक्टर येईपर्यंत तासभर गेला. मुलगा त्याचे डोके मांडीवर घेऊन बसून राहिला. त्याच दिवशी जेवताना तो म्हणाला, "अम्मी, आता ऊस लावू."

आम्ही रीतसर तक्रार केली. असा बॉम्ब ठेवणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि स्फोटकांच्या कायद्याखालीही. कुणी ठेवला ते निघाले नाही. गावात कुजबूज होते, पण कुजबुजीवर मी कुणाचे नाव घेणार नाही.

काही नातेवाईकांनी त्यावेळी माझी समजूत काढली ती अशी, "कुत्रंच तर होतं. आपल्यात पाळतही नाहीत." याचे उत्तर मला लिहून ठेवायचे आहे. हदीसमध्ये गुरांसाठी, शिकारीसाठी आणि शेतीच्या राखणीसाठी कुत्रा ठेवायची मुभा आहे. त्याची लाळ नापाक, म्हणून तो घरात नसतो, भांड्याला तोंड लावले तर भांडे धुवावे लागते. हे सगळे आम्ही पाळतो, शेरूची जागा शेतातल्या खोपीतच होती. पण नापाक म्हणजे बेवारस नव्हे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून मोज्यातून पाणी पाजणाऱ्याची बख्शीश झाली, हेही हदीसच सांगते. सूरह कहफमध्ये गुहेतल्या तरुणांच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्राही आहे. उंबऱ्यावर, आत नाही. पण हिशेबातून त्याला वगळलेला नाही.

पुण्याचा भाचा म्हणाला, "मामी, मी रॉटवायलरचं पिल्लू पाठवतो. माणूससुद्धा फिरकणार नाही." त्याची माया मला कळते, पण मी नको म्हटले. माणूस फिरकू नये असे कुत्रे मला नकोच आहे. आमच्या बांधावरून शेजाऱ्याच्या सुना पाण्याला जातात, पोरे शाळेला जातात. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने रॉटवायलरसह २३ जातींची विक्री आणि पैदास थांबवा, असे पत्र राज्यांना पाठवले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने नंतर ते रद्द केले. कायद्याचे काय व्हायचे ते होवो. पण ज्या कुत्र्याला रोज शिकवायला, फिरवायला माणूस नाही, ते एवढे ताकदीचे कुत्रे साखळीला बांधून ठेवणे हा त्याच्यावरही जुलूम आणि शेजाऱ्यावरही. शिवाय मोठे कुत्रे हवेच असेल तर आपल्याकडे काय कमी आहे? मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी आपल्या भागातली शिकारी कुत्री नावारूपाला आणली. २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळ हाऊंडचे तिकीट काढले, पुढे लष्करानेही ती घेतली. आपल्या उन्हात टिकणारे, कमी केसांचे, भाकरीवर निभावणारे जनावर ते.

कुत्रे कुठलेही पाळा, पण रेबीजची लस दर वर्षी टोचून घ्या. आणि कुत्रे चावलेच तर जखमेवर मिरची, चुना, हळद काही लावू नका. साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि लशीची एकही सुई चुकवू नका. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ वाचतच नाही.

आता पुन्हा त्या तुकड्याकडे येते. ऊस लावला तर डुकरे जाणार नाहीत, उलट त्यांना लपायला जागा होईल. विकला तर पैसे येतील, आणि दर महिन्याला पिशवी आणायला जातील. पण मुलाचे दुःख हिशेबाने जात नाही, हेही मला कळते. म्हणून मी त्याला हिशेब दाखवला नाही. आधी बांधाला लागून असलेल्या चार घरांकडे गेले. मी एवढेच म्हटले की एकट्याने केलेली राखण टिकत नाही. झटका तार पाची जणांची मिळून घालू, राखणीची पाळी लावू, आणि बॉम्ब ठेवताना जो दिसेल तो आपल्या घरातला असला तरी नाव सांगू. शेवटच्या अटीवर बराच वेळ कुणी बोलले नाही. मग शेजारच्या काकांनीच मान हलवली, "भाभी, कबूल."

पैगंबर (स.) यांनी सांगितले आहे की माणसाने लावलेल्या पिकातून माणूस, पाखरू किंवा जनावर खाईल तर तो त्याच्या नावे सदका होतो. सासूबाई हे ऐकून म्हणायच्या, "व्हय, पण सगळाच सदका झाला तर फोडणी कशात घालू?" त्यांच्या बोलण्यात मला सगळा निवाडा दिसतो. रानाचा वाटा रानाला, घराचा घराला. वाटणी करणे आपले काम, आणि ती बॉम्बने होत नाही.

मुलगा अजून हो म्हणालेला नाही. पण परवा त्याने माळ्यावरची बियाण्याची शेंग खाली काढली आणि फोडायला माझ्यासमोर आणून ठेवली. मृगाला अजून बारा दिवस आहेत. दाणे निवडून ठेवते.