नितंब किती खाली?

जिममध्ये आज पुन्हा तीच हाळी: "अजून खाली बस!" डेडलिफ्ट शिकवणाऱ्यांना हे वाक्य इतकं का आवडतं, कोण जाणे. हा स्क्वॉट नव्हे. नितंब फार खाली नेले की गुडघे पुढे येतात, नडग्या बारला पुढे ढकलतात, आणि वजन जमीन सोडण्याआधीच नितंब आपणहून वर उसळतात. बार मात्र जागच्या जागी!

मला उलटा क्रम पटतो. बार पावलाच्या मध्यावर, नडगीपासून दोन बोटं दूर. आधी कमरेतून वाकून पकड घ्यायची. मग नडग्या बारला टेकेपर्यंतच गुडघे वाकवायचे, छाती काढायची, बार पायांकडे खेचून धरल्यासारख्या काखा आवळायच्या. नितंब जिथे येतील, ती त्यांची जागा. मांडीचं हाड लांब असेल तर नितंब उंच राहणार. हात लांब असतील तर पाठ थोडी उभी. पॉवरलिफ्टर लामार गँटने १९८५ साली डेडलिफ्टमध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट, म्हणजे सुमारे ३०० किलो उचलले. पण त्याचे हात विलक्षण लांब, मणकाही एका बाजूला वळलेला. त्याच्या फोटोवरून आपल्या नितंबांची उंची कशी ठरवणार? (तरी फोटो पाहतोच आपण.)

उद्या हलकं वजन. बार जमिनीवरून जेमतेम उचलून क्षणभर थांबवायचा, बाजूने मोबाइलवर टिपायचं. खांदे आणि नितंब एकदमच वर येतात का, एवढंच बघायचंय.