पायांचा खेळ

नाचाचा क्लास लावायला माझ्या भाचीने साफ नकार दिला होता. पण पुण्यातल्या एका मॉलमधील यंत्रावर मात्र ती तास तास नाचते! समोरच्या पडद्यावर बाण खालून वर सरकतात. बाण ठरल्या जागी पोचला, की पायाखालच्या त्याच दिशेच्या चौकटीवर पाय टाकायचा. ताल चुकला, की गुण गेले! जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ साली आणलेल्या खेळामुळे ही तऱ्हा जगभर गाजली.

"मामा, शिकवणारं कोणी नाही, तरी ताल येतो बघ," ती ऐटीत म्हणाली.

"अशी एक जुनी शाळा आहे, चल," मी म्हटले. आणि पाडव्याच्या सुमारास आम्ही नाशिक रस्त्याला लागलो.

खेड मागे पडले, मंचर आले. हा आंबेगाव तालुका; पण ज्या गावाचे हे नाव, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. पुढे जुन्नर तालुक्यातले नारायणगाव लागले. इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडल्या होत्या आणि गावोगावचे कारभारी यात्रेसाठी सुपारी द्यायला आले होते.

विठाबाई नारायणगावकर या इथल्याच फडाच्या. १९३५ सालचा जन्म. वडील आणि चुलते यांचा भाऊ-बापूंचा फड हीच त्यांची शाळा. तमाशात ढोलकीवाला नाचणारीच्या पायांकडे पाहतो आणि नाचणारी ढोलकी ऐकते. यंत्रातला बाण कोणासाठी थांबत नाही. ढोलकी मात्र थांबते, डिवचते, वाट करून देते. तिथे दोघेही एकमेकांना शिकवतात.

भरल्या दिवसांत नाचताना विठाबाईंना कळा आल्या; पडद्यामागे बाळंत होऊन, दगडाने नाळ तोडून त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असे सांगतात. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तरी अखेरचे दिवस हलाखीतच गेले. २००२ साली त्या वारल्या. आता राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, तू पाहिलास त्यांचा तमाशा?"

काय सांगणार? आमच्या घरी तमाशाचे नाव काढायचीही चोरी होती. "चांगल्या घरातली माणसं जात नसत गं," मी कसेबसे म्हणालो.

"म्हणजे त्या चांगल्या नव्हत्या?"

वाचकहो, याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही पुण्याला परतलो नाही. जवळच्याच एका गावच्या यात्रेत, भाचीशेजारी मांडी घालून, वयाच्या साठाव्या वर्षी मी पहिला तमाशा पाहिला. ढोलकीवर थाप पडली आणि भाचीचा पाय मातीवर हलकेच ताल धरू लागला. माझाही!