अमरावती ते अकोला : गिरणीचा प्रवास

ताईला अकोल्यात पिठाची गिरणी टाकून द्यायची होती. टेम्पोचे भाडे वाचावे म्हणून दादाने लहान कारच्या चासीला हूक बसवून ट्रॉली जोडली. बडनेरा मागे पडले. याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर एकेरी लेनचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले होते. गुळगुळीत रस्त्यावर वेग वाढला आणि ट्रॉली झुलू लागली. दादाने ब्रेक न दाबता ॲक्सिलेटर सोडला, म्हणून वाचलो. गिरणी चाकांच्या मागे होती. कडेला थांबून ती आसाच्या किंचित पुढे सरकवली, दोर आवळले. मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत सावकाश अकोला गाठले.

बंधू-भगिनींनो, हूक मजबूत हवेच. पण ओझे कुठे ठेवले, तेही पाहा. ताईची गिरणी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली.